गोव्यातल्या जुवारी नदीकाठच्या जहाजांच्या यार्डातले कागद: स्कॅनिंग आणि मंजुरीच्या कामाच्या नोंदी

१० जून २०२४

मोजणी संपली. ड्रॉइंग रूममध्ये मोठ्या आकाराचे २,३१० नग आहेत. त्यांत ट्रेसिंग पेपर, पॉलिएस्टर फिल्म आणि अमोनिया प्रिंट (अमोनियाने उमटवलेल्या निळ्या-जांभळ्या प्रती) अशी सरमिसळ आहे. बहुतेक ए-१, थोडे ए-०. शेल एक्सपान्शनच्या (जहाजाच्या बाहेरच्या प्लेटा सपाट पसरून दाखवणाऱ्या ड्रॉइंगच्या) काही गुंडाळ्या तीन मीटरपर्यंत लांब आहेत. फायलींच्या खोलीत ३६४ बॉक्स फाईल: स्टीलचे टेस्ट सर्टिफिकेट, वेल्डिंग प्रोसीजर, वेल्डरच्या परीक्षांचे निकाल, जाडी मोजल्याचे अहवाल, जॉब कार्ड, चलनं. हॉट वर्क परमिटचे (वेल्डिंग-कटिंगसारख्या ठिणगीच्या कामाच्या परवान्यांचे) गठ्ठे निराळे, सुतळीने बांधलेले.

ठरलं ते असं: रजिस्टर तयार होईपर्यंत एकही कागद स्कॅनरात घालायचा नाही. आधी स्कॅन करून मग नावं द्यायला बसलं की ‘स्कॅन ०००१’ पासून ‘स्कॅन ९९९९’ पर्यंत फायली साठतात. मग त्यांतून मिडशिप सेक्शन (जहाजाच्या मधोमधचा छेद) शोधण्यापेक्षा कपाटातली गुंडाळी उलगडणं लवकर होतं.

१४ जून

पाऊस धरलाय. खोलीतली आर्द्रता सकाळी ८८ टक्के. अशा हवेत ट्रेसिंग पेपर लाटांसारखा वर येतो. आपला स्कॅनर सीआयएस जातीचा, म्हणजे सेन्सर कागदाला जवळजवळ टेकून वाचणारा, त्याची फोकसची खोली फार कमी. कागद काचेपासून मिलिमीटरभर उचलला तरी अक्षरं पुसट येतात. दोन डीह्युमिडिफायर लावले, लक्ष्य ५५ टक्के. दोन्ही मिळून दिवसाला आठ-नऊ लिटर पाणी काढतात. रात्री लाईट गेली की सकाळी पुन्हा ७० च्या वर, त्यामुळे पहिला तासभर स्कॅनिंग नाही, फक्त कागदांची तयारी.

बुरशी आलेले कागद वेगळ्या खोलीत. तिथे एन-९५ मास्क आणि मऊ ब्रश, पंखा बंद. बुरशी ओल्या फडक्याने पुसायची नाही, पसरते. वाळवी लागलेल्या दोन बॉक्स फाईल यार्डाबाहेर नेऊन उघडल्या.

गुंडाळ्या सरळ करायला घाईने इस्त्री वगैरे नको. ५५ टक्के आर्द्रतेच्या खोलीत प्लाय ठेवून वर वजन, ४८ तास. फाटक्या शीट पारदर्शक पॉलिएस्टरच्या पाकिटातून सोडायच्या. चिकटपट्टी काढायला जाऊ नये, खालची शाई तिच्याबरोबर येते.

२० जून

क्रमांकाची पद्धत ठरली. यार्ड क्रमांक तीन अंकी, विभाग दोन अंकी (१० हल म्हणजे जहाजाचं धड, २० इंजिन, ३० पाइपिंग, ४० इलेक्ट्रिकल), ड्रॉइंग चार अंकी, आवृत्ती दोन अंकी. उदाहरणार्थ ११७-१०-००४२-०३. अक्षरं मुद्दाम ठेवली नाहीत, कारण इंग्रजी ‘ओ’ आणि शून्य, ‘आय’ आणि एक यांची गल्लत हाताने लिहिताना होतेच.

आवृत्ती ठरवताना तारखेवर भरवसा नाही. एकाच ड्रॉइंगच्या तीन प्रिंटांवर ‘आवृत्ती २’ आहे आणि तिन्ही वेगळ्या आहेत: एक क्लासच्या (जहाज तपासून मंजुरी देणाऱ्या संस्थेच्या) मंजुरीच्या शिक्क्याची, एक शॉपफ्लोअरवरची, एक हाताने दुरुस्त केलेली. म्हणून रजिस्टरात ‘दर्जा’ हा वेगळा रकाना: मंजूर, बांधकामासाठी, अ‍ॅज-बिल्ट (प्रत्यक्षात बांधलं तसं), संदर्भासाठी, दर्जा अनिश्चित. अनिश्चित म्हणजे अनिश्चितच, तिथे अंदाज करून भरायचं नाही. सध्या ४१९ नग त्या रकान्यात आहेत.

१ जुलै

भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ आजपासून लागू. इलेक्ट्रॉनिक नोंद पुरावा म्हणून देताना कलम ६३ खालच्या प्रमाणपत्रात फाईलची हॅश किंमत लिहावी लागते (फाईलच्या मजकुरावरून काढलेला ठसा, फाईल जरा बदलली तरी तो बदलतो). ती पाच वर्षांनी काढण्यात अर्थ नाही. स्कॅन झाल्या झाल्या एसएचए-२५६ पद्धतीची हॅश काढून रजिस्टरात टाकायची. मास्टर फाईल त्यानंतर फक्त वाचता येईल.

माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० मधलं कलम ७ नोंदी जतन करण्याबद्दल आहे: मजकूर नंतरही उघडून वाचता आला पाहिजे, आणि नोंद कुठून, कधी आली हे कळलं पाहिजे. म्हणून स्कॅन कोणी, कोणत्या यंत्रावर, किती वाजता केला हे तीन रकाने सक्तीचे.

क्लासचा ओला शिक्का असलेली ड्रॉइंग, जेटीच्या जागेची कागदपत्रं आणि स्टीलची मूळ सर्टिफिकेट स्कॅन झाली तरी कागदावरच राहणार. त्यांचे लोखंडी कपाट वेगळे.

४ जुलै

स्कॅनिंग सुरू. ३०० डीपीआय. ए-१ शीट म्हणजे ७,०१६ × ९,९३३ पिक्सेल. रंगीत ठेवली तर कॉम्प्रेस न करता साधारण २०९ एमबी, ग्रेस्केल ७० एमबी. जागा वाचवायला ग्रेस्केल घेतलं.

अमोनिया प्रिंटसाठी लाल चॅनेल, म्हणजे रंगीत चित्रातला फक्त लाल प्रकाशाचा भाग, वापरतोय. निळी-जांभळी रेघ लाल प्रकाश शोषून घेते, त्यामुळे त्या चॅनेलमध्ये ती काळीभोर दिसते. उलट पिवळा पडलेला कागद लाल प्रकाश परत फेकतो, म्हणून तो पांढरा दिसतो. डोळ्यांना न वाचता येणारी प्रिंटही स्वच्छ निघते. पहिल्या दिवशी ४१ शीट झाल्या.

९ जुलै

लाल चॅनेलनं घात केला.

एका बार्जच्या शेल एक्सपान्शनची प्रिंट, अ‍ॅज-बिल्ट. कागदावर तळाच्या प्लेटांजवळ लाल पेन्सिलीने लिहिलंय: ‘८ ऐवजी १०, फ्रेम २२ ते २६’. खाली तारीख आणि आद्याक्षरं. स्कॅनमध्ये तिथे कोरा कागद. लाल पेन्सिल लाल प्रकाश परत फेकते, म्हणून लाल चॅनेलमध्ये ती कागदाइतकीच पांढरी. चित्र इतकं सुबक आलंय की काही गेलं आहे अशी शंकाही येत नाही.

याचा परिणाम काय होतो ते आकड्यांत लिहून ठेवतोय. पुढच्या ड्राय डॉकिंगला (बोट पाण्याबाहेर काढून तपासताना) त्या प्लेटची जाडी समजा ७.६ मि.मी. भरली. स्कॅन पाहणारा मूळ जाडी ८ धरेल, म्हणजे झीज ५ टक्के. खरी मूळ जाडी १०, म्हणजे झीज २४ टक्के. प्लेट ठेवायची की कापून काढायची, इतका हा फरक आहे.

आतापर्यंत ग्रेस्केलमध्ये जतन केलेल्या १८६ शीट पुन्हा स्कॅन करायच्या. आजचं काम थांबवलं.

११ जुलै

उपाय: मास्टर रंगीतच. जागेची बचत नंतर बघू; डिस्क विकत मिळते, पुसलेली पेन्सिल मिळत नाही. २,३१० नग सगळे ए-१ धरले तरी कॉम्प्रेस न करता सुमारे ४८३ जीबी. ही काही अडून बसण्याजोगी जागा नाही. फाईल टिफ, दाबायला एलझेडडब्ल्यू, लॉसलेस म्हणजे काहीही न गमावता.

वापरायची प्रत त्यावरून काढायची. रेघांसाठी लाल चॅनेल. लाल खुणांसाठी वेगळा मुखवटा: प्रत्येक पिक्सेलच्या लाल किमतीतून हिरवी वजा करायची, फरक ४० च्या वर गेला तर तो पिक्सेल लाल खूण समजून प्रतीवर गडद लाल उमटवायचा. पिवळ्या कागदात लाल आणि हिरवी दोन्ही जास्त असतात, म्हणून तो यात अडकत नाही. गंजलेल्या टाचणीचे आणि चहाचे डाग अडकतात. ते अडकू द्या, जास्तीचा डाग चालेल. मुखवट्यात काहीही सापडलं की ती शीट माणसाच्या टेबलावर जाते आणि लाल मजकूर टाइप होऊन रजिस्टरात येतो.

हिरव्या आणि साध्या पेन्सिलीच्या खुणांना हा मुखवटा उपयोगी नाही. त्यासाठी तयारीच्या टेबलावर प्रत्येक शीट डोळ्याखालून घालून ‘हाताच्या खुणा: आहेत/नाहीत’ हा रकाना भरायचा.

१८ जुलै

लांबीची चूक. पॉलिएस्टर फिल्मवर ५०० × ५०० मि.मी. चा चौकोन काढून रोज सकाळी स्कॅन करतो. रुंदीत ५००.१, लांबीत ४९८.६. रुंदी सेन्सर ठरवतो, लांबी रोलर ठरवतो. जुन्या ट्रेसिंगवरची भुकटी त्यावर बसली होती. आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसल्यावर ४९९.८. आता दर ५० शीटनंतर पुसायचा.

कागद स्वतःही वाढतो. ट्रेसिंगची चौकट लांब बाजूला ३ मि.मी. जास्त भरली, समोरासमोरच्या बाजूही सारख्या नाहीत. स्कॅनमध्ये हे ताणून सरळ करायचं नाही असं ठरलं. चौकटीच्या चारही बाजू मोजून रजिस्टरात लिहायच्या. माप हवं असेल तर लिहिलेलं माप वाचायचं, स्क्रीनवर मोजायचं नाही.

२६ जुलै

पीडीएफ हलकी करण्याचं एक सॉफ्टवेअर सुचवलं गेलं होतं. नाकारलं. त्यात चित्र दाबण्याची जेबीआयजी-२ ची लॉसी (काही तपशील गमावणारी) पद्धत आपोआप चालू असते. ही पद्धत पानावरचे सारखे दिसणारे आकार एकच समजून एकाच्या जागी दुसरा चिकटवते. २०१३ मध्ये जर्मनीत डेव्हिड क्रीसेल यांनी हे जाहीरपणे दाखवून दिलं होतं. त्यांच्यापुढे आलेल्या घराच्या नकाशात तीन खोल्यांची क्षेत्रफळं वेगवेगळी होती, झेरॉक्स कंपनीच्या यंत्रातून आलेल्या प्रतीत तिन्ही ठिकाणी १४.१३. अक्षर पुसट झालं तर माणूस शंका घेतो. इथे आकडा ठसठशीत आणि चुकीचा असतो. ६ आणि ८ ची अदलाबदल प्लेटच्या जाडीत झाली तर काय, हे वर ९ जुलैला लिहिलंच आहे.

आपली वापरायची प्रत पीडीएफ/ए, म्हणजे दीर्घकाळ जतनासाठीची पीडीएफ. दाबायला काळ्या-पांढऱ्या पानांना लॉसलेस ग्रुप ४, रंगीत पानांना जेपीईजी.

६ ऑगस्ट

स्टीलची सर्टिफिकेट. ए-४, फीडरमधून. यंत्रावर मिनिटाला ४० पानं लिहिलंय. प्रत्यक्षात दिवसाला ९०० च्या आसपास, कारण स्टेपल काढणं, कोपरे सरळ करणं आणि पाठीमागचे शेरे बघणं यातच बहुतेक वेळ जातो.

स्कॅनमधला मजकूर वाचायला टेसरॅक्ट हे सॉफ्टवेअर, ओसीआरमायपीडीएफ मार्फत. इंग्रजी पान बरं वाचतो. हीट नंबर मात्र त्याच्यावर सोडता येत नाही: ८ आणि इंग्रजी ‘बी’, ५ आणि ‘एस’, शून्य आणि ‘ओ’. हीट नंबर म्हणजे प्लेट पोलादाच्या ज्या घाण्यातून निघाली त्याचा क्रमांक, प्लेटची जन्मखूण, तो चुकला की सर्टिफिकेट दुसऱ्याच प्लेटला जोडलं जातं. म्हणून दोन माणसं एकमेकांचं न बघता टाइप करतात, जुळलं तरच पुढे.

रासायनिक घटकांची पडताळणी करायला एक चांगली युक्ती हाती लागली. बहुतेक सर्टिफिकेटवर कार्बन इक्विव्हॅलंट (स्टील वेल्डिंगला कितपत सोपं, हे सांगणारा आकडा) छापलेला असतो. वाचलेल्या आकड्यांवरून तो पुन्हा काढायचा: कार्बन + मँगनीज ÷ ६ + (क्रोमियम + मॉलिब्डेनम + व्हॅनेडियम) ÷ ५ + (निकेल + तांबे) ÷ १५. आजचं एक पान: कार्बन ०.१६, मँगनीज ०.९०, क्रोमियमचा गट मिळून ०.०३, निकेल-तांबे मिळून ०.०३. उत्तर ०.३१८, छापलेलं ०.३२. जुळलं. यात कार्बन ०.१८ असा वाचला गेला असता तर ०.३४ आलं असतं आणि पान आपोआप बाजूला पडलं असतं.

फॉस्फरस आणि गंधक या सूत्रात येत नाहीत. ग्रेड ए जहाजी स्टीलला दोन्हींची मर्यादा ०.०३५ टक्के आहे. ते दोन आकडे प्रत्येक पानावर डोळ्यांनीच बघायचे.

१४ ऑगस्ट

जेटीच्या जागेचा १९६१ पूर्वीचा नकाशा, पोर्तुगीज भाषेत. तिथे दशांशाला स्वल्पविराम वापरतात: ‘१२,५०’ म्हणजे साडेबारा मीटर. मशीनने स्वल्पविराम गाळून १२५० केलं. अशा कागदांना रजिस्टरात ‘भाषा: पोर्तुगीज’ लावली की आकडे आपोआप भरायचं बंद होतं, हातानेच भरायचे.

गावांच्या नावांची जोडयादी केली, नाहीतर शोध लागत नाही: कुठ्ठाळी आणि कोर्तालिम, लोटली आणि लौटोलिम, मडगाव आणि मार्गाव, म्हापसा आणि मापुसा. रोमी लिपीतलं स्पेलिंगही जुन्या कागदांत दोन-दोन तऱ्हांचं आहे, तेही जोडलं.

२२ ऑगस्ट

स्कॅनिंगबरोबरच मंजुऱ्याही कागदावरून स्क्रीनवर आणायच्या आहेत. आधी माल मागवायच्या मागणीपत्राचा प्रवास. एका कागदावर सात सह्या. प्रत्येक सही करणाऱ्याला एकच प्रश्न विचारला: हा कागद समोर आला की काय बघून सही करता?

पाच जणांनी लगेच सांगितलं. फोरमन: माल खरंच लागतो. हल इंजिनीअर: ग्रेड आणि माप बरोबर. स्टोअर: शिल्लक नाही. प्लॅनिंग: जॉब नंबर चालू आहे. अकाउंट्स: त्या जॉबवर पैसे उरलेत. उरलेल्या दोघांचं उत्तर ‘आधीच्यांनी केलीय म्हणून’ असं आलं. त्या दोन सह्या काढल्या, त्यांना फक्त माहिती जाईल. काढण्यापूर्वी दोघांशी बोलणं झालं, ते आनंदाने राजी झाले.

स्टोअर आणि प्लॅनिंग एकमेकांवर अवलंबून नाहीत, तेव्हा दोघांकडे एकाच वेळी पाठवायचं. ५ मि.मी. च्या आतल्या किरकोळ मालाला अकाउंट्सची पायरी नको अशी सूचना आली होती. जाडीवरून पैसे ठरत नाहीत, म्हणून ती घेतली नाही.

५ सप्टेंबर

परवा चवथ. पुढचा आठवडा अर्धं यार्ड गावी. कागदावर चालायचं तेव्हा शेजारच्या टेबलावरचा माणूस ‘करिता’ लिहून सही करायचा. स्क्रीनवरच्या नव्या प्रणालीत ती सोय नव्हती, सगळी मागणीपत्रं एका इनबॉक्सात अडकली असती. प्रत्येक पायरीला बदली माणूस नेमला, तारखेपासून तारखेपर्यंत. नोंदीत दोन्ही नावं राहतात. ज्याने मागणी केली त्यालाच बदली म्हणून मंजूर करता येणार नाही, हा नियम आधी घातला आणि मग सुट्ट्या भरल्या.

पासवर्ड देऊन जाणं बंद. कोणी सही केली हे कळत नसेल तर प्रणालीला अर्थ नाही.

१८ सप्टेंबर

नवीन मागणीपत्रामुळे एक प्लेट विनाकारण विकत आली. कारण शोधलं. स्टोअरमध्ये जुन्या कागदाच्या पाठीमागे पेन्सिलीने लिहायचे: ‘कटपीस आहे, १.२ × ०.८, कुंपणाजवळच्या रॅकवर’. छापील फॉर्ममध्ये त्याला रकाना नव्हता, म्हणून आपण फॉर्म स्क्रीनवर आणला तेव्हा तोही आला नाही. स्टोअरने प्रामाणिकपणे ‘पूर्ण प्लेट शिल्लक नाही’ म्हटलं आणि खरेदी झाली.

कटपीसचं वेगळं रजिस्टर सुरू: लांबी, रुंदी, जाडी, हीट नंबर, रॅक. हीट नंबर नसलेला तुकडा हलमध्ये वापरायचा नाही. कापताना नंबर उरलेल्या तुकड्यावर पंचने पुन्हा ठोकायचा, आणि तोही कापण्याआधी. जुन्या मागणीपत्रांच्या पाठी पुन्हा बघायला घेतल्या. फीडर एका बाजूवर लावला होता, तो दोन्ही बाजूंवर केला.

२५ सप्टेंबर

फोनवरच्या हॉट वर्क परमिटची चाचणी, डबल बॉटम टाकीवर (जहाजाच्या दुहेरी तळामधली बंदिस्त टाकी).

पहिली अडचण अपेक्षित होती: पोलादी टाकीत फोनला रेंज नाही. फॉर्म फोनमध्येच भरतो, बाहेर आल्यावर सर्व्हरवर चढतो. वेळ मात्र टाकीतल्या हवेचं रीडिंग घेतल्याची हवी, चढल्याची नव्हे. दोन्ही वेळा ठेवतोय. रोज सकाळी फोनचं घड्याळ सर्व्हरशी जुळवलं नसेल तर फॉर्म उघडत नाही.

ऑक्सिजन २०.९ टक्क्यांच्या आसपास हवा. १९.५ च्या खाली किंवा २२ च्या वर गेला की फॉर्म तिथेच थांबतो. वरची मर्यादा कशाला, असं विचारलं गेलं. गॅस कटिंगचा होज जेवणाच्या सुट्टीत टाकीत राहिला आणि व्हॉल्व्ह गळत असला तर ऑक्सिजन साठतो, मग ठिणगीला कपडेही भडकन पेटतात. म्हणून सुट्टीनंतर रीडिंग पुन्हा, आणि तासापेक्षा जास्त काम थांबलं तरी पुन्हा.

२७ सप्टेंबर

खरी अडचण ही. कागदी परमिटवर सही करायला सेफ्टी ऑफिसरला मॅनहोलपर्यंत जावंच लागायचं, कारण कागद तिथे टांगलेला असायचा. आता ‘मंजूर’चं बटन ऑफिसातही दाबता येतं. म्हणजे काम वेगवान करताना आपण जाऊन बघण्याची पायरीच काढून टाकली, आणि त्या सहीचा अर्थच तो होता.

मॅनहोलवर क्यूआर लावून पाहिला. स्टिकर सँडब्लास्टिंगमध्ये एका दिवसात उडाला. अ‍ॅल्युमिनियमची पट्टी लावली तर तिचा फोटो दुसऱ्या दिवशी तिसऱ्याच्या फोनमध्ये होता, ऑफिसातून स्कॅन होत होता.

आता असं: फायर वॉचचा (आग लागू नये म्हणून पहारा देणारा) माणूस शिफ्टच्या सुरुवातीला मॅनहोलशेजारच्या पाटीवर खडूने चार आकडे लिहितो, मनाला येतील ते, आणि आपल्या फोनवर भरतो. मंजूर करणाऱ्याने तेच आकडे भरले तर बटन चालतं. आकडे फोनवर विचारायचे नाहीत, ही शिस्त माणसांचीच, ती यंत्र पाळू शकत नाही. कागदी परमिट छापून प्लास्टिकच्या पाकिटात मॅनहोलवर टांगणं चालूच राहील. आत उतरणाऱ्या वेल्डरला ते दिसलं पाहिजे, त्याच्याकडे आपला फोन नसतो. फॉर्म मराठी, कोकणी आणि हिंदीत.

काम संपल्यावर फायर वॉच किमान ३० मिनिटं. त्याआधी परमिट बंद करता येत नाही.

१० ऑक्टोबर

बॅकअपमधून परत आणण्याची चाचणी. यार्डाबाहेर ठेवलेल्या डिस्कवरून २०० फायली उचलून हॅश ताडली. १९७ जुळल्या. तीन नाही जुळल्या, कारण पहिल्या आठवड्यात मास्टर उघडून कोणीतरी फिरवून जतन केले होते. मूळ कागद काढून पुन्हा स्कॅन. तिन्ही ४ ते ८ जुलैच्या दरम्यानच्या, फक्त-वाचन लावण्याआधीच्या. १ जुलैलाच ठरलेलं काम पाच दिवस उशिरा झालं, त्याचा हा परिणाम. त्या दिवसांतल्या उरलेल्या सगळ्या फायलींची हॅश तपासायला घेतली.

२४ ऑक्टोबर

मोठी ड्रॉइंग: २,३१० पैकी २,१७४ झाली. उरलेल्यांत ७७ बुरशीची, ५९ तीन मीटरच्या गुंडाळ्या आणि फाटक्या शीट. दर्जा अनिश्चित ४१९ वरून २६३ वर. हे २६३ कपाटापाशी बसून सुटणार नाहीत. पुढच्या ड्राय डॉकिंगला एकेक बोट वर येईल तेव्हा जुन्या फोरमनना बरोबर घेऊन प्रिंट आणि प्लेट समोरासमोर ताडायची. त्यांच्यापैकी दोघे मार्चमध्ये निवृत्त होतात, म्हणून त्यांच्या हाताखालून गेलेल्या बोटींची यादी वर घेतली.

लाल पेन्सिलीच्या ६४१ खुणा टाइप झाल्या. त्यांतल्या ३८ वाचता येत नाहीत. त्यांचे मोठे करून प्रिंट काढलेत, सोमवारी फिटिंग शॉपमध्ये लावायचे.